खेळ दाखवा, पावतीही दाखवा

2023 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या गेमिंगच्या जगात एक प्रकरण गाजले. गेम शेवटच्या खुणेपर्यंत पूर्ण करून दाखवण्यासाठी प्रसिद्ध असलेला एक यूट्यूबर दरवर्षी प्रेक्षकांसमोर सलग खेळांचा कार्यक्रम करत असे आणि स्मृतिभ्रंशावरच्या संशोधनासाठी देणग्या गोळा करत असे. हा आजार त्याच्या घरातच होऊन गेलेला, त्यामुळे लोकांचा जीव त्यात गुंतला होता. पैसे जमा व्हायचे ते त्याच्या कुटुंबाने चालवलेल्या संस्थेत. सहा लाखांहून अधिक डॉलर वर्षानुवर्षे त्या संस्थेच्याच खात्यात पडून असल्याचे उघड झाले. बोभाटा झाल्यावर रक्कम योग्य ठिकाणी दिली गेली.

या प्रकरणाचा दाखला देऊन माझ्या एका अर्थशास्त्रज्ञ मित्राने एका चर्चेत निकाल देऊन टाकला. बालपणाच्या आठवणींवर गोळा केलेल्या दानाचे असेच व्हायचे, कारण डोळे पाणावलेला माणूस पावती मागत नाही, असे तो म्हणाला. त्याचा दुसरा मुद्दा याहून टोकदार होता. ज्याला खरेच कुणाला मदत करायची आहे त्याने आठवडाभर जुना गेम खेळत बसण्यापेक्षा आठवडाभर जादा काम करावे आणि तो पगार देऊन टाकावा. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचे उत्तर मला द्यायचे आहे, कारण हे दोन्ही मुद्दे ऐकताना पटतात आणि वस्तुस्थितीशी ताडून पाहिले की टिकत नाहीत.

त्यासाठी आधी एका बसची हकिकत सांगायला हवी. पेन आणि टेलर ही अमेरिकेतली जादूगारांची नामवंत जोडी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे व्हिडिओ गेममधल्या हिंसाचारावरून काहूर उठले होते. अॅटर्नी जनरल जॅनेट रेनो यांच्यासारखे बडे लोक त्यात उतरले होते. त्याला उत्तर म्हणून या जोडीच्या ‘स्मोक अँड मिरर्स’ या सेगा सीडीवरच्या गेममध्ये ‘डेझर्ट बस’ नावाचा एक छोटा खेळ घातला गेला. अॅरिझोनातल्या टूसॉनहून नेवाडातल्या लास व्हेगासला एक रिकामी बस न्यायची. कमाल वेग ताशी 45 मैल. खऱ्या घड्याळाचे आठ तास लागतात. रस्ता सरळ, समोरून गाडी नाही, थांब्यावर प्रवासी नाही. बस किंचित उजवीकडे ओढते, त्यामुळे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवून उठून जाता येत नाही. खेळ मध्येच थांबवण्याची सोय नाही. काही तासांनी एक किडा काचेवर आपटतो. बस रस्त्याखाली उतरली तर बंद पडते आणि टोचन करून टूसॉनला परत आणली जाते, तेही खऱ्या वेळेच्या हिशेबाने. आठ तासांनी पोहोचलात की एक गुण मिळतो. हवा असेल तर परतीच्या प्रवासाचा आणखी एक.

हा गेम बाजारात आलाच नाही. प्रकाशक कंपनी बुडाली आणि समीक्षेसाठी पाठवलेल्या मोजक्या प्रती तेवढ्या उरल्या. त्यातली एक फ्रँक सिफाल्डी या जुन्या गेमच्या अभ्यासकाच्या हाती लागली आणि 2000 च्या दशकाच्या मध्यावर त्याने ती सर्वांसाठी खुली केली. 2007 मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या लोडिंगरेडीरन या विनोदी नाट्यछटा करणाऱ्या गटाने ठरवले की ही बस लोकांसमोर चालवायची, आणि लोक पैसे देतील तोवर चालवायची. ‘डेझर्ट बस फॉर होप’ हा त्यांचा उपक्रम तेव्हापासून दरवर्षी होतो.

त्यातला हिशेब मोठा विचारपूर्वक बांधलेला आहे. पहिल्या तासाची किंमत एक डॉलर. पुढचा प्रत्येक तास आधीच्या तासापेक्षा 7 टक्क्यांनी महाग. चक्रवाढीचे गणित शाळेत शिकलेल्या कुणालाही याचा अंदाज येईल, तरी आकडे मांडतो. पहिले 24 तास मिळून जेमतेम 58 डॉलरला पडतात. एकशेविसाव्या तासाची एकट्याची किंमत तीन हजारांवर जाते. 150 तास चालवायचे तर एकूण साडेतीन लाखांहून अधिक लागतात आणि पूर्ण आठवडा, म्हणजे 168 तास, चालवायचे तर बारा लाखांच्या वर. म्हणजे चालक जितका थकत जातो तितका त्याचा पुढचा तास महाग होत जातो. पहिल्या वर्षी 22 हजार डॉलरच्या पुढे रक्कम गेली. पुढे एकेका वर्षात लाखो डॉलर जमू लागले.

आता माझ्या मित्राच्या पहिल्या विधानाकडे पाहू. हा सगळा बालपणाच्या आठवणींचा बाजार आहे, असे तो म्हणतो. पण ‘डेझर्ट बस’ कुणाच्या बालपणात होती? कुणाच्याच नाही. जो गेम विकलाच गेला नाही त्याची आठवण कुणाला असणार? त्या ओबडधोबड चौकोनी चित्रांची, त्या पातळ आवाजाची ओढ प्रेक्षकांना असते हे मला मान्य आहे. पण रेट्रो गेमच्या जगातला इतका नावाजलेला मदत-उपक्रम कुणीही न जगलेल्या भूतकाळावर उभा आहे, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. लोक पैसे मोजतात ते समोरचा माणूस झोप मोडून, हात आखडलेले असताना, त्यांच्या शब्दाखातर आणखी एक तास बसून राहतो याचे. आपल्याकडे याला सहज नाव सापडले असते. पारायण करणारा, उपास करणारा, पायी वारी करणारा माणूस आपण पाहिलेला आहे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो माझ्या मित्राचा स्वतःचा नाही. तो तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा आहे. 1972 च्या त्यांच्या निबंधातले तळ्यात बुडणारे मूल आता सर्वांच्या ओळखीचे आहे, त्यामुळे तिथे थांबत नाही. आपल्या विषयाला थेट भिडणारे त्यांचे लिखाण 2013 च्या डिसेंबरातले आहे. त्याच्या महिनाभर आधी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रक्ताच्या कर्करोगाशी झुंजलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाची बॅटमॅन होण्याची इच्छा अख्ख्या शहराने पूर्ण केली होती. रस्ते गर्दीने फुलले होते. सिंगर यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये प्रश्न विचारला की आजारी मुलांच्या अशा इच्छा पुरवणारी संस्था एका इच्छेवर सरासरी 7,500 डॉलर खर्च करते, तेवढ्या पैशात मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्या वाटल्या तर दोन-तीन मुलांचे प्राण वाचतील, मग आपण कशाची निवड केली?

हा प्रश्न उर्मट आहे म्हणून झटकून टाकणारे लोक मला आवडत नाहीत. सिंगर यांचे गणित चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. आणि ते गणित ‘डेझर्ट बस’लाही लागू पडते, कारण तिचा पैसा जातो ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेला. पेनी आर्केड या व्यंगचित्रमालिकेच्या दोन निर्मात्यांनी 2003 मध्ये ती काढली. गेम खेळणारी मुले हिंसक होतात असे वर्तमानपत्रे लिहीत होती. तेव्हा गेम खेळणारेच रुग्णालयातल्या मुलांना खेळणी आणि गेम पुरवू लागले. सिंगर विचारतील, खेळणी की मच्छरदाणी? मी सरळ उत्तर देतो. पैसा तोच आणि निवड माझ्या हातात असेल, तर मच्छरदाणी.

पण या वाक्यातला ‘असेल तर’ फार मोठा आहे. सिंगर गृहीत धरतात की थैली आधीच भरलेली आहे आणि प्रश्न फक्त ती कुठे रिकामी करायची एवढाच आहे. ही थैली तशी नाही. ती बस चालल्यामुळे भरते. बस थांबली तर ते डॉलर मच्छरदाणीकडे वळत नाहीत, ते ज्याच्या-त्याच्या खिशात राहतात. आणि माझ्या मित्राचा जादा कामाचा पर्याय घ्या. आठवडाभर जादा काम करून एक माणूस एका माणसाचा पगार देईल. आठवडाभर बस चालवून तो हजारो अनोळखी लोकांना देणगीदार करतो. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने हा फरक पाहायला हवा होता.

शिवाय पैसा कुणाला द्यायचा आणि तो कसा उभा करायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सिंगर यांचा वाद पहिल्याशी आहे. माझा मित्र त्यांची काठी उसनी घेऊन दुसऱ्याला मारतो आहे. हे दोन सुटे आहेत याचा पुरावा ‘गेम्स डन क्विक’ या उपक्रमात मिळतो. 2010 च्या जानेवारीत जुने गेम कमीत कमी वेळात संपवणारे काही खेळाडू अमेरिकेतल्या एका संमेलनात जमले, तिथले इंटरनेट नीट चालेना म्हणून आयोजकाच्या आईच्या घराच्या तळघरात बिऱ्हाड हलवले आणि ‘केअर’ या संस्थेसाठी दहा हजार डॉलरच्या वर रक्कम उभी केली. आज त्यांचे वर्षातून दोन मोठे सप्ताह होतात. हिवाळ्यातला कर्करोग प्रतिबंधासाठी, उन्हाळ्यातला ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’साठी. 2022 च्या जानेवारीतल्या एका सप्ताहात 34 लाख डॉलर जमले. युद्धभूमीवर आणि साथींमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांना मिळालेल्या पैशावर सिंगर यांचा काय आक्षेप असेल?

पैसा उभा करण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. नाटक दहा वर्षांचे जुने, पदे लोकांना पाठ. फंडात थेट पैसे भरण्याची सोय होतीच. तरी लोक तिकिटासाठी धडपडले, कारण दोन कंपन्यांचे दोन मानी गायक एका रंगमंचावर त्या रात्रीच दिसणार होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले.

कोकणात देवळाच्या उत्सवात पावणी होते. देवापुढचा नारळ लिलावात बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो आणि घेणारा फसला असे गावात कुणी म्हणत नाही. ‘सुपर मेट्रॉइड’ या 1994 च्या गेमच्या शेवटी ग्रह फुटायला आलेला असतो आणि वाकडी वाट करून काही प्राण्यांना सोडवता येते. त्यात सेकंद वाया जातात, म्हणून वेगाने खेळणारा त्यांना सोडून पळतो. ‘गेम्स डन क्विक’मध्ये यावर बोली लागते, प्राणी वाचवा की मरू द्या. दोन्ही बाजूंचे डॉलर एकाच संस्थेला जातात आणि बोलीची बेरीज लाखाच्या पुढे गेलेली आहे. ही पावणीच आहे.

इथवर मी या मंडळींची बाजू मांडली. आता त्यांच्याविषयी जे बोलायचे ते बोलतो, कारण माझ्या मित्राच्या एका वाक्याला उत्तर अजून दिलेले नाही. डोळे पाणावलेला माणूस पावती मागत नाही. पण डोळे पाणावणाऱ्या या स्मरणरंजनाचे दोन प्रकार अभ्यासक स्वेतलाना बॉइम यांनी 2001 मध्ये मांडले. एक हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे, दुसरे त्या हरवण्याकडेच डोळसपणे पाहणारे. जुने गेम वेगाने खेळणारे लोक मला या दुसऱ्या प्रकाराच्याही पुढे गेलेले वाटतात. 1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ते 4 मिनिटे 55 सेकंदांच्या आत संपवतात. त्यासाठी त्यांनी तो उसवून पाहिला आहे. पातळी संपली की पुढची सुरू करायची वेळ झाली का, हे तो गेम दर 21 चौकटींनी (फ्रेम्सनी) एकदा तपासतो, म्हणजे सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने. त्याहून कमी वेळ वाचवला तर तो वाया जातो. हे त्यांना ठाऊक आहे, कारण प्रत्येक विक्रमाची चित्रफीत दुसरे खेळाडू चौकट-चौकट करून तपासतात आणि लबाडी पकडतात. ‘डाँकी काँग’चे जुने गाजलेले विक्रम 2018 मध्ये अशाच छाननीनंतर ट्विन गॅलेक्सीज या नोंदसंस्थेने रद्द केले.

आणि 2023 चे प्रकरण बाहेर काढले कुणी? सरकारी खात्याने नाही, अर्थशास्त्रज्ञांनीही नाही. गेमविषयी चित्रफिती करणाऱ्या दोघा यूट्यूबरांनी संस्थेची जाहीर करविवरणपत्रे वाचून ते उजेडात आणले. त्यांच्यातला एक स्वतः असे वेगाचे विक्रम करणारा आणि तपासणारा होता. माझ्या मित्राने जे प्रकरण भावनेच्या आंधळेपणाचा पुरावा म्हणून पुढे केले, ते उघडकीला आले याच लोकांच्या शोधक सवयीमुळे.

तरी त्याच्या बोलण्यातला गाभा मी सोडून देत नाही. त्या संस्थेत पैसे किती वर्षे पडून राहिले ते पाहा. तेवढी वर्षे प्रेक्षकांनी खेळाचा क्षण-क्षण तपासला आणि पडदा पडल्यावर पैशाकडे पाठ फिरवली. समोर चाललेले सगळे उघड होते, म्हणून मागचेही उघडच असणार असे धरले गेले. ‘गेम्स डन क्विक’ची बांधणी इथे शहाणपणाची आहे. देणगी थेट त्या संस्थेला जाते, आयोजकांच्या खात्यात मुक्काम करत नाही. म्हणून या रीतीच्या बाजूने बोलताना मी आठवणींचे गोडवे गाणार नाही. आठवणींनी लोक जमतात, तेवढे त्यांचे काम. पुढची जबाबदारी हिशेबाची आहे आणि ज्या उपक्रमात घरच्यांची संस्था मध्ये उभी आहे त्यात, कारण कितीही हृदयद्रावक असो, पैसा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हा अंक हातात घेणाऱ्यांमध्ये आज चाळिशीला टेकलेले पुष्कळ असतील. 1990 च्या दशकात टीव्हीला जोडायचे ते स्वस्त चिनी गेम, ‘9999 इन 1’ लिहिलेली पिवळी कॅसेट, चालेना की तिच्यात मारलेली फुंकर, काँट्रामधल्या तीस जिवांसाठी पाठ केलेली बटणे, हे सगळे तुम्हाला आठवते. तेव्हा बटणावरून भांडणारे भाऊ-बहीण आज पुण्यात, नाशकात, न्यू जर्सीत पगार घेत आहेत. येत्या वर्षी तुमच्या सोसायटीच्या सभागृहात एक रात्र तो गेम लावा. मुलांना बसवा, आजी-आजोबांना बोली लावू द्या. संस्था डोक्याने निवडा. जवळच्या सरकारी रुग्णालयातला बालविभाग असेल तर तिथे काय कमी आहे ते आधी जाऊन विचारा. पैसे थेट त्यांच्याच खात्यात भरायला सांगा, मंडळाच्या खात्यात घेऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावती जिन्याजवळच्या फलकावर लावा.