झुरळ गेलं कुठे?

रात्री पाणी प्यायला उठावं, स्वयंपाकघरातला दिवा लावावा आणि ओट्यावरचं झुरळ सर्रकन शेगडीमागच्या फटीत गडप व्हावं. मोठी माणसं चप्पल शोधतात. पोर विचारतं, "एवढ्याशा फटीत ते मावलं कसं?" प्रश्न लाखमोलाचा. उत्तर बहुतेक घरांत एकच : "आधी झाडू आण!"

अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं हा प्रश्न धरून ठेवला. कौशिक जयराम त्यांचं नाव. आयआयटी मुंबईत मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून ते रॉबर्ट फुल या प्राध्यापकांकडे पीएचडीला गेले आणि झुरळांच्या मागे लागले. (नातेवाइकांनी "सध्या काय करतोस?" विचारलं की काय सांगत असतील कोण जाणे!) आपल्या मोरीत फिरतं तसलंच मोठं तपकिरी झुरळ. पळताना उंची साधारण १२ मिलिमीटर. पण ३ मिलिमीटरच्या, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढ्या फटीतून ते सेकंदाच्या आत पार होतं. आधी मिशांनी चाचपतं, मग डोकं घालतं, मग अंग चपटं करत पाय ओढून घेतं. आत पावलं टेकायला जागाच नसते. पाय दोन्हीकडे फाकतात आणि ते नडग्यांवरच्या काट्यांनी रेटा देत पुढे सरकतं. स्वतःच्या वजनाच्या जवळपास ९०० पट भार अंगावर आला तरी त्याला इजा होत नाही.

यावरून जयराम आणि फुल यांनी तळहातावर मावेल एवढा रोबो बनवला. वर गुळगुळीत प्लॅस्टिकचं कवच; दाबलं की पाय बाजूला फाकतात, उंची निम्मी होते, तरी चालणं थांबत नाही. २०१६ साली हे काम प्रसिद्ध झालं. भूकंपात कोसळलेल्या घरांच्या ढिगाऱ्यात माणसं शोधायला असे रोबो उपयोगी पडावेत, ही त्यामागची आशा.

झुरळाला जीवदान द्या, असं मुळीच म्हणणं नाही. झाडू मारायचा तर खुशाल मारा. फक्त पोराचा प्रश्न त्याच्याबरोबर झाडून टाकू नका. उत्तर आपल्याला यायलाच हवं असं थोडंच आहे? "खरंच की, कसं गेलं असेल?" एवढं म्हटलं तरी पोर पुढचं स्वतः शोधायला लागतं. आज डबा भरता भरता ते काही विचारेल, मुंग्या रांगेतच का जातात, पाल छतावरून पडत का नाही. घाई तर असणारच. "संध्याकाळी आपण दोघं बघू," असं सांगा, आणि संध्याकाळी आठवणीनं बघा.