भयकथा आणि लांडग्याचा न्याय

नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या हाती हिंस्र श्वापदांच्या भयकथा द्याव्यात की नाही, असा प्रश्न पालकवर्गाकडून वारंवार केला जातो. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी आणि तिच्या वाटेवर टपून बसलेली श्वापदे यांची गोष्ट आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकली गेली, ती काही बोधासाठी नव्हे. म्हातारी आता सापडते की काय, हा धसकाच त्या गोष्टीचा प्राण होय. तेव्हा भयाने मूल बिघडेल ही चिंता आम्हांस फोल वाटते. चिंता करावयाचीच तर ती श्वापदाची करावी.

जालना जिल्ह्यातील राजूरच्या टेकडीवर गणपतीच्या दर्शनास येणारी मुले हत्तीच्या मस्तकापुढे निःशंकपणे हात जोडतात. देवाचा उंदीरही त्यांस प्रिय असतो. मात्र लांडगा म्हटला की तो दुष्टच! हा भेद ती बहुतांशी आपल्या गोष्टींतूनच शिकतात. दख्खनच्या माळरानांवर लांडगा अद्याप टिकून आहे. 1972 च्या कायद्याने त्यास संरक्षणही आहे. तो धनगराची मेंढी नेतो आणि ते नुकसान खरे असते. ते मुलांपासून लपविणे हीही लबाडीच. पण भूक निराळी आणि दुष्टावा निराळा. लांडगा आल्याची खोटी हाकाटी करणाऱ्या पोराची गोष्ट आपण सत्याच्या शिकवणीसाठी सांगतो, आणि त्याच मुखाने लांडग्याविषयी हवी तशी हाकाटी करतो!

मग भय राखून न्याय साधेल काय? जिम कॉर्बेट यांच्या 1944 साली प्रसिद्ध झालेल्या कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तकात चंपावतच्या वाघिणीची हकीकत आहे. चारशेंहून अधिक माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जातात. 1907 साली ती मारली गेली. तेव्हा दिसले की, जुन्या गोळीने तिचे उजवीकडचे दोन्ही सुळे मोडले होते; नेहमीची शिकार तिला साधेनाशी झाली होती. बळी गेलेल्यांचे दुःख याने तिळमात्र उणे होत नाही. पण पहिला अपराध कोणाचा, हे विचारणे भाग पडते.

आमच्या घरातील दहा वर्षांच्या नातवास ही हकीकत आम्ही वाचून दाखविली. त्या रात्री त्याने दिवा मालवू दिला नाही. बऱ्याच वेळाने, झोपला असेल असे वाटत असता, त्याने विचारले, "आजोबा, त्या वाघिणीचे दात फार दुखत असतील का हो?"