गावगाडा मोडला, रडायचं कुणी?

जागतिकीकरणानं खेड्यातले धंदे बुडवले, हे वाक्य हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. बीडच्या सभेत ऐकलं, अंबाजोगाईच्या परिसंवादात ऐकलं. वक्ता कळवळून सांगतो : कुंभाराचं चाक थांबलं, चांभाराची आरी गंजली, मांगाचा दोर गेला, गावगाडा मोडला. टाळ्या पडतात. आपली पोरंही टाळ्या वाजवतात.

मला त्या टाळ्यांबद्दल बोलायचं आहे. गावगाडा मोडला हे खरंच. पण त्याचं सुतक आपण धरायचं का? आणि धरायचं नसेल, तर ज्या बाजारानं तो मोडला त्याला मुक्तिदाता म्हणायचं का? हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा तितकाच नीतीचा आहे. कार्यकर्त्याला तो टाळता यायचा नाही. उद्या मोर्च्यात कुठली घोषणा द्यायची, ते या उत्तरावर ठरणार आहे.

आधी बुडालेल्या धंद्याचा हिशोब मांडू. माझा बाप दोर वळायचा. घायपात कापून आणायची, पाण्यात कुजत घालायची, बडवून वाख काढायचा आणि मग वळत बसायचं. कासरा, दावं, मोटेचा नाडा, शिंकं. कुणब्याच्या बैलाच्या गळ्यात जे असायचं ते मांगवाड्यातून गेलेलं असायचं. मोबदला काय? सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. मालक देईल तेवढं पदरात घ्यायचं. भाव आमचा नाही, माप आमचं नाही. दोर चांगला झाला म्हणून चार पायल्या जास्त नाहीत. आणि यंदा मी दोर देत नाही, असं म्हणायची तर सोयच नाही. ज्यात माणूस भाव सांगतो आणि नाही पटलं तर माल परत घेऊन जातो, त्याला मी धंदा म्हणतो. बापाचं काम त्यात बसत नव्हतं. ते जन्माबरोबर गळ्यात घातलेलं काम होतं.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच हे उकलून दाखवलं. जात माणसाला धंदा निवडू देत नाही, बुडता धंदा सोडून दुसऱ्यात शिरू देत नाही, म्हणून बेकारीचं एक मूळ जातीत आहे, असं त्यांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. १९४८ साली घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी तोंडावर विरोध केला. हे वाचलेल्या पोरानं गावगाडा मोडला म्हणून डोळे पुसावेत, याचं मला नवल वाटतं.

तो मोडला कसा, तेही नीट बघा. विहिरीवर इंजिन आलं, मोट गेली. मोटेबरोबर नाडा गेला, ढोरानं कमावलेलं कातडंही गेलं. नायलॉनची दोरी आली. ट्रॅक्टर आला, दावणीचे बैल कमी झाले, मग कासरा घेणार कोण? यातलं पुष्कळसं १९९१ च्या आधीच घडून गेलं होतं. जुलै १९९१ मध्ये देशाची दारं उघडली, १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली, आणि उरलंसुरलं त्या लोंढ्यात वाहून गेलं. बीड शहरात रेल्वे पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. बाजार तिच्या कितीतरी आधी वाडीवस्तीवर येऊन बसला होता. बापाला विचारलं तर म्हणायचा, "बरं झालं, खळ्यावर उभं राहायचं चुकलं."

मग बाजारानं आपल्याला सोडवलं का? आपल्यातले काही जण हो म्हणतात. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची डिक्की ही संस्था उभी राहिली. त्यांचं म्हणणं असं, की पैशाला जात नसते, नोकरी मागणारे होण्यापेक्षा नोकरी देणारे व्हा. मी त्यांची टर उडवणार नाही. आपला एखादा पोरगा तालुक्याच्या स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकतो, भाव स्वतः सांगतो, गिऱ्हाईक त्याला अहोजाहो करतं. ही लहान गोष्ट नव्हे. त्याच्या आज्याला हे स्वप्नात दिसलं नसतं.

पण दोर सोडलेल्या सगळ्यांच्या हातात मोबाईलचं दुकान आलं नाही. बहुतेकांच्या हातात कोयता आला.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडं दसरा-दिवाळी झाली की ट्रका भरून माणसं जातात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, आपले तर आहेतच. मुकादम उचल देतो. ती फिटेपर्यंत माणूस त्याचा. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोन माणसांची मोजणी एका हत्यारानं. दिवस बुडाला की खाडा, खाड्याचा दंड. पाळी आली, ताप आला, तरी खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं, की कोकाकोला आणि पेप्सी या महाराष्ट्राच्या साखरेच्या गिऱ्हाईक आहेत. जागतिकीकरण म्हणजे काय, हे समजायला जाड पुस्तक नको. बाटलीचं एक टोक अमेरिकेत आहे, दुसरं आपल्या बहिणीच्या पोटात.

बाजार आपोआप जात मारतो, हा भ्रमही आपल्या इतिहासानं आधीच फोडला आहे. मुंबईच्या कापड गिरण्या त्या काळच्या जागतिक बाजाराचाच भाग होत्या. यंत्रं विलायती, माल परदेशी जायचा. तरी विणखात्यात अस्पृश्याला शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि तिथं जास्त पगार होता. यंत्र नवं, विटाळ जुना. म्हणून १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी दोन शत्रूंची नावं घेतली, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाला हाणायला दुसऱ्याची काठी उसनी घ्यावी, असं त्यांनी सांगितलं नाही.

तर मापायचं कशानं? माझं माप साधं आहे. माणसाला नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर रात्री चूल पेटते का?

१९२७ च्या महाडनंतर गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरं ओढायला नाही म्हटलं. गावानं लगेच बहिष्कार घातला. दाणे बंद, पाणी बंद, सरपण बंद. नकार द्यायची छाती होती, पण पोट गावाच्या मुठीत होतं. म्हणून १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या वेगळ्या वसाहतींची मागणी झाली. म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. नकाराला खाली जमीन लागते, हे त्या माणसांनी ओळखलं होतं.

हे माप लावा. बलुत्यात नकार नव्हता. उचलीतही नाही. खळ्यावरचा मालक तोंडानं धमकी द्यायचा, मुकादमाकडं ती वहीत लिहिलेली असते. एका कैदेतून दुसऱ्या कैदेत नेणाऱ्याला मी मुक्तिदाता म्हणणार नाही आणि पहिल्या कैदेचं सुतकही धरणार नाही.

आता हेच माप कापूसवाल्या शेतकऱ्याला लावा. २००२ साली बीटी बियाण्याला परवानगी मिळाली, घरचं सरकीचं बी गेलं. दरसाल पाकीट विकत घ्या. २०१७ साली बोंडअळीनं तेही खाल्लं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के जकात बसवली. कापड गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून दिल्लीनं परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. ऐन वेचणीच्या हंगामात. गेवराई-माजलगावच्या कापसाचा भाव असा सातासमुद्रापार ठरायला लागला. भाव आपल्या हातात नसणं म्हणजे काय, हे आता त्यालाही कळतंय. त्याचं दुःख खोटं नाही, हसू नका त्याला. पण त्याच्या मोर्च्यात जाताना विचारा : दादा, तुझ्या रानात मजुरी किती? आणि आम्ही गायरानावर पेरलं तर कुऱ्हाड घेऊन येणार नाहीस ना?

कारण गायरान हा आपल्या जिल्ह्यातला नकाराचा पाया आहे. १९९१ सालात दोन दारांची गोष्ट झाली. जुलैमध्ये भांडवलासाठी दार उघडलं, ते सताड उघडंच राहिलं. २८ नोव्हेंबरला सरकारनं आदेश काढला, की १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करावीत. हे दार तेव्हापासून किलकिलं आहे. बीडमध्ये एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून त्याला खांदा लावला, लोकांना गायरानावर उभं केलं. कित्येकांच्या नावावर सातबारा अजून नाही. आणि आता सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी सरकार त्याच गायरानांकडं बघतंय. कंपनीला सरकारी जमीन भाडेपट्ट्यानं मिळते. तीस-चाळीस वर्षं दगड वेचून ती कसणारी म्हातारी मात्र कागदावर अतिक्रमणदारच.

म्हणून दोस्त हो, घोषणा तपासून द्या. खेडं वाचवा म्हणणाऱ्याला विचारा, कुठलं खेडं? बाजार येऊ द्या म्हणणाऱ्याला विचारा, आम्ही बाजारात विकणारे म्हणून येणार का विकले जाणारे म्हणून? आपल्या गावात किती जणांनी उचल घेतली, किती घेतली, कशावर अंगठा दिला, याची वही करा. गायरान कसणाऱ्यांचे पुरावे गोळा करा, पंचनामे, दंडाच्या पावत्या, जे असेल ते. २०२३ च्या हंगामात तोडणीवाले कोयता बंदच्या बोलीवर अडून राहिले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये दर ३४ टक्क्यांनी वाढला. कुणाच्या दयेनं नाही वाढला.

यंदा दसऱ्याच्या आधी हे काम हातात घ्या. ट्रका निघून गेल्यावर गावात म्हातारी आणि लेकरंच उरतात, मग बोलणार कुणाशी?

जय भीम.