शस्त्राचे बारसे

बारसे ही आपल्याकडे आशेची गोष्ट आहे. पाळण्यातल्या जिवाने अद्याप काहीही केलेले नसते. तरी आपण त्याला विजय म्हणतो, शांता म्हणतो. नाव हे त्याच्या कर्तृत्वाचे वर्णन नसते, आपल्या इच्छेचे असते. म्हणूनच ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण जन्माला आली. मात्र माणसाप्रमाणे शस्त्राचेही बारसे होते, आणि तिथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या वस्तूचे कामच संहाराचे, तिला सुंदर किंवा पवित्र नाव देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

ही प्रथा जुनी आहे. विजापूरच्या बुरुजावरील प्रसिद्ध तोफ १५४९ साली त्या वेळच्या अहमदनगरात ओतली गेली. तिचे नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा राजा. तिचे तोंड सिंहाच्या जबड्याचे असून त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. येथे नाव आणि रूप यांत विसंवाद नाही. ज्याच्यावर ती रोखली जाई, त्यालाही ते नाव पटले असते.

विसाव्या शतकात तोफेचा हा मान लढाऊ विमानाकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या लढाऊ विमानांना बहुधा वेगाची आणि उग्रतेची नावे दिली : हरिकेन, टायफून, टेम्पेस्ट; सगळी वादळेच. ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडालेल्या स्पिटफायरची कथा मात्र घरगुती आहे. विकर्स कंपनीच्या विमान विभागाचे प्रमुख सर रॉबर्ट मॅक्लीन आपल्या लेकीला कौतुकाने ‘स्पिटफायर’ म्हणत. तापट, तडफदार मुलीसाठी तो जुना इंग्रजी शब्द होता. आपण ‘फटाकडी’ म्हणू. विमानाचे शिल्पकार रेजिनाल्ड मिचेल यांना हे नाव मुळीच रुचले नव्हते, असे सांगतात. तरी तेच टिकले आणि बापाच्या लाडाचा शब्द युद्धाच्या इतिहासात जाऊन बसला.

बॉम्बफेकी विमानांना ते बहुधा गावांची किंवा थोर पुरुषांची नावे देत. त्यांतली दोन आपल्या परिसराने विशेष लक्षात ठेवावीत : वेल्स्ली आणि वेलिंग्टन. दोन्ही एकाच सेनापतीची. याच आर्थर वेल्स्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला, आणि पुढील महिन्यात कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने बुऱ्हाणपूर व असीरगड घेतले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच पुरुषाच्या नावाची विमाने भारतातील तळांवरून ब्रह्मदेशातील जपानी ठाण्यांवर बॉम्ब टाकण्यासाठी उडत होती. इंग्रजाला त्या नावात विजयाचा ध्वनी ऐकू येई. असीरगडाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराला त्यात दुसरेच काही ऐकू यावे, हे स्वाभाविक आहे. नाव एकच, पण ते ऐकणारे कान दोन.

शत्रूचे बारसे शत्रूच करतो, तेव्हा हा भेद अधिकच उघड होतो. जपानी नौदलाच्या ‘झिरो’ विमानाचे नाव जपानी राजशकाच्या २६०० या वर्षाच्या, म्हणजे इ. स. १९४० च्या, शेवटच्या शून्यावरून पडले. दोस्तांनी त्याला ‘झीक’ हे साधे पुरुषी नाव दिले. लढाऊ विमानांना पुरुषांची आणि बॉम्बफेक्यांना स्त्रियांची नावे द्यायची, असा त्यांचा संकेत होता. पुढे नाटो राष्ट्रांनी सोव्हिएत लढाऊ विमानांना ‘एफ’ या अक्षराने सुरू होणारी नावे दिली. मिग-२१ हे ‘फिशबेड’ झाले. आपल्या वायुदलात मात्र त्याच्या एका प्रकाराला ‘त्रिशूल’ आणि दुसऱ्याला ‘विक्रम’ म्हटले गेले.

आपली स्वतःची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. फ्रान्सकडून १९५३ मध्ये आलेले ‘उरागाँ’ आपल्याकडे ‘तूफानी’ झाले. हा तर सरळ अनुवाद. मिग-२७ ‘बहादूर’, मिग-२९ ‘बाज’, मिराज ‘वज्र’, जग्वार ‘शमशेर’. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला घडलेले आणि जून १९६१ मध्ये प्रथम उडालेले विमान ‘मरुत’ ठरले. मरुत हे वैदिक वादळदेव, इंद्राचे सहकारी. पण त्या विमानाला साजेशा शक्तीचे इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. देवाचे नाव लाभले, तरी वारा विकत आणावा लागतो.

याउलट उदाहरण ‘नॅट’चे. नॅट म्हणजे चिलट. ब्रिटनच्या फॉलंड कंपनीने आपल्या चिमुकल्या विमानाला दिलेले हे नाव विनम्र, जवळजवळ विनोदी होते. १९६५ च्या युद्धात त्यासमोर पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे ‘सेबर’ आले. सेबर म्हणजे तलवार. चिलटाने तलवारीला असे जेरीस आणले की ‘सेबरचा कर्दनकाळ’ ही त्याची ख्याती झाली. १४ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी श्रीनगरच्या आकाशात सेबरांच्या घोळक्याशी एकट्याने झुंज देत प्राण दिले, ते याच चिलटात बसून. वायुदलाला मिळालेले ते एकमेव परमवीरचक्र. पुढे आपण नॅटची सुधारित आवृत्ती घडविली आणि तिला ‘अजित’ म्हटले. अजित १९९१ मध्ये निवृत्त झाले, तोवर त्याच्या वाट्याला एकही युद्ध आले नव्हते. जे झुंजले ते चिलट, आणि अजिंक्य म्हणवणारे कसोटीला उतरलेच नाही. त्यात अजितचा दोष नाही. पण नावाने पराक्रम आगाऊ खात्यावर जमा होत नाही, एवढे यावरून कळते.

शासकीय सेवेत योजनांची नामकरणे मी पुष्कळ पाहिली. नाव आधी ठरते, अंमल मागाहून येतो, आणि लाभार्थी आपले वेगळेच नाव ठेवून मोकळा होतो. मिग-२१ चेही तसेच झाले. ओझरच्या कारखान्यात घडलेल्या आणि नाशिक परिसराला रोजगार देणाऱ्या या विमानाने देशाची दीर्घ सेवा केली; २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. परंतु वारंवारच्या अपघातांनंतर लोकांनी त्याला ‘उडती शवपेटी’ हे नाव दिले होते. ते नाव कोणत्याही फायलीत मंजूर झाले नव्हते. ते दुःखातून आले होते, आणि म्हणूनच ते पुसता आले नाही.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? माझ्या मते शस्त्राचे नाव तीन ठिकाणांहून ऐकावे : देणाऱ्याच्या आसनावरून, त्यात बसणाऱ्याच्या घरातून, आणि ज्याच्यावर ते पडणार त्याच्या अंगणातून. तूफान, वज्र, शमशेर ही नावे तिसऱ्या ठिकाणीही खोटी ठरत नाहीत; संहाराला ती संहारच म्हणतात. पण हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी पडलेल्या बॉम्बला ‘लिटल बॉय’, लहानगा मुलगा, म्हटले होते; आणि तो टाकणाऱ्या विमानाला वैमानिकाने स्वतःच्या आईचे नाव दिले होते. त्या शहरातील आयांच्या कानांनी ही नावे ऐकून पाहावीत.

परदेशाकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्या फोपनारच्या मातीतून १९६४ साली बुद्धाच्या प्राचीन धातुमूर्ती निघाल्या. त्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८ मे १९७४ रोजी, पोखरणच्या अणुस्फोटाशी ‘हसरा बुद्ध’ हे नाव जोडले गेले. तो स्फोट करावा की नाही, हा राज्यकर्त्यांचा आणि देशाच्या संरक्षणाचा प्रश्न होता. त्यावर मतभेद असू शकतात. पण त्या नावावर मात्र मला मतभेदाला जागा दिसत नाही. ज्याने आयुष्यभर हिंसा वर्ज्य मानली, त्याचे स्मित आपण त्याला न विचारता उसने घेतले. मूर्तीही धातूची आणि तोफही धातूची. ओतणाऱ्याने कोणता साचा निवडला, यावर सगळे अवलंबून असते. नाव हाही एक साचाच आहे.

राष्ट्राला शस्त्रे लागतात, हे मी नाकारत नाही. सीमेवर उभे राहणाऱ्याच्या हाती ती उत्तमच असावीत. फक्त त्यांचे बारसे करताना आपण त्यांना जे काम सांगणार आहोत, ते लपविणारे नाव देऊ नये. वादळाला वादळ म्हटले की ते सोडण्यापूर्वी हात क्षणभर थांबतो. त्यालाच बाळ म्हटले, तर तो का थांबावा?