मंगळाकडे पाहताना



मंगळ ग्रहावर अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने ज्या चाकांच्या यंत्रगाड्या उतरवल्या, त्यांची नावे एकापाठोपाठ एक वाचून पाहा. २००४ साली उतरलेल्या 'स्पिरिट' आणि 'अपॉर्च्युनिटी', म्हणजे चैतन्य आणि संधी. २०१२ साली उतरलेली 'क्युरिऑसिटी', म्हणजे कुतूहल. २०२१ साली उतरलेली 'पर्सिव्हिअरन्स', म्हणजे चिकाटी. धर्मशिक्षण वर्गाच्या फळ्यावर लिहावीत अशीच ही नावे आहेत. ती सुचवली शाळकरी मुलांनी, निबंध लिहून. पहिली दोन नावे सुचवणारी मुलगी अवघी ९ वर्षांची होती. सायबेरियातल्या अनाथाश्रमातून तिला एका अमेरिकन कुटुंबाने दत्तक घेतले होते. अनाथाश्रमात असताना रात्री आकाशाकडे पाहिले की बरे वाटायचे, असे तिने निबंधात लिहिले होते.

या नावांपैकी एक नाव मात्र आम्हांला थांबवते. चैतन्य, संधी, चिकाटी यांबद्दल कोणाचे दुमत नसावे. पण कुतूहल? कुतूहल हा सद्गुण आहे का?

प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. मंगळावर काय चालले आहे हे जाणून घेण्याची ओढ आज जगभरच्या सामान्य माणसांना आहे. १९९७ साली 'सोजर्नर' नावाची छोटी गाडी मंगळावर उतरली, तेव्हा इंटरनेट नवे होते, तरीही तिची छायाचित्रे पाहण्यासाठी लोकांनी कोट्यवधी वेळा नासाच्या पानांना भेट दिली. 'पर्सिव्हिअरन्स'सोबत सुमारे १ कोटी ९ लाख लोकांची नावे बारीक अक्षरांत कोरून मंगळावर गेली. ती उतरली तेव्हा आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतरचे अडीच वाजत आले होते. गाडी सुखरूप उतरल्याची घोषणा करणाऱ्या स्वाती मोहन या भारतीय वंशाच्या अभियंत्या आणि त्यांच्या कपाळावरची टिकली पाहून आपल्याकडच्या अनेकांना आपल्याच घरातले कोणी तिथे बसल्यासारखे वाटले. आपल्या धर्मग्रामातही अशी मुले आहेत, ज्यांना गणिताचा पाढा आठवत नाही, पण कोणती गाडी कोणत्या विवरात उतरली ते तोंडपाठ असते. आईवडील विचारतात, "फादर, हे चांगले की वाईट?"

ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाचे उत्तर घाईने दिलेले नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या दहाव्या भागात म्हटले आहे की माणसे उंच पर्वत, समुद्राच्या लाटा, ताऱ्यांच्या गती पाहून थक्क होतात आणि स्वतःकडे पाहायचे मात्र विसरतात. केवळ पाहण्यासाठी पाहण्याच्या या हव्यासाला त्यांनी डोळ्यांची वासना मानले. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यात एक महत्त्वाचा फरक केला. जाणून घेण्याची इच्छा माणसाला स्वभावतःच आहे आणि सत्याचे ज्ञान चांगलेच आहे. प्रश्न आहे तो त्या इच्छेला वळण लावण्याचा. वळण लागलेल्या इच्छेला त्यांनी 'स्टुडिऑसितास' म्हटले आणि तिला संयमाच्या सद्गुणाखाली जागा दिली. वळण नसलेल्या इच्छेला त्यांनी 'क्युरिऑसितास' म्हटले आणि तिला दुर्गुणांत बसवले. आपल्या मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत: जिज्ञासा आणि भोचकपणा. जिज्ञासू माणूस दार ठोठावतो आणि आत जाऊन शिकतो. भोचक माणूस खिडकीतून डोकावतो आणि दुसऱ्या खिडकीकडे निघून जातो.

मग मंगळाकडे डोळे लावून बसणारे आपण जिज्ञासू की भोचक? आम्हांला वाटते, तीन प्रश्न स्वतःला विचारले तर ते समजू शकेल.

पहिला प्रश्न: या ओढीमुळे आपण जवळच्या कर्तव्यापासून दूर जातो का? संत थॉमस यांनी भोचकपणाचे हे एक लक्षण सांगितले आहेच. १९७० साली एका धर्मभगिनीने हाच प्रश्न थेट नासाला विचारला होता. सिस्टर मेरी जुकुंडा आफ्रिकेतील झांबिया देशात सेवा करीत होत्या. पृथ्वीवर इतकी मुले उपाशी मरत असताना मंगळावर जाण्याच्या योजनांवर अब्जावधी डॉलर खर्च करावेत असे आपण कसे सुचवू शकता, असे त्यांनी डॉ. अर्न्स्ट श्टुलिंगर या शास्त्रज्ञांना पत्राने विचारले. श्टुलिंगर यांनी प्रश्न झटकला नाही. ६ मे १९७० रोजी त्यांनी सविस्तर उत्तर लिहिले आणि त्यात जर्मनीतल्या एका सरदाराची सुमारे ४०० वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. हा सरदार आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग गरिबांना देत असे. एकदा त्याला भिंगे घासत बसणारा एक विचित्र माणूस भेटला. सरदाराने त्याला आपल्या वाड्यात आश्रय दिला. गावात रोगराई होती. लोक चिडले, की आम्ही मरतो आहोत आणि हा त्या खुळ्यावर पैसे उधळतो आहे. सरदार म्हणाला, तुम्हांला मला देता येईल तेवढे मी देतोच आहे, पण यालाही देणार. त्या भिंगांच्या कामातून पुढे सूक्ष्मदर्शक आला आणि रोगांविरुद्धच्या लढाईत त्याने किती जीव वाचवले ते आपण जाणतो.

ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या लक्षात बहुधा सूक्ष्मदर्शक राहतो. आम्हांला मात्र सरदाराचे उत्तर अधिक मोलाचे वाटते. "देता येईल तेवढे देतोच आहे" असे तो म्हणू शकला, कारण ते खरे होते. भिंगे घासणारा माणूस आला त्याआधीपासून त्याचे दार गरिबांसाठी उघडे होते. ते बंद असते, तर सूक्ष्मदर्शक लागूनही गावकऱ्यांचा राग रास्तच ठरला असता.

२०१३ साली आपल्या 'इस्रो'ने मंगळयान सोडले तेव्हा हाच वाद आपल्या घराघरांत झाला. सुमारे ४५० कोटी रुपये खर्च आला. एखाद्या हॉलिवूडपटाहून हे स्वस्त, असे अभिमानाने सांगितले गेले. अभिमान योग्यच होता, पण स्वस्त असणे हे सिस्टर जुकुंडांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. उत्तर त्या सरदाराच्या वाक्यात आहे आणि ते वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या ऐपतीप्रमाणे म्हणता आले पाहिजे. मुलाला दुर्बीण घेऊन देणाऱ्या बापाने काही वाईट केलेले नाही. पण त्याच घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या मुलीची फी भरायची राहिली असेल, आणि ते त्याला ठाऊक असेल, तर दुर्बिणीतून दिसणाऱ्या मंगळापेक्षा ती मुलगी त्याच्या अधिक जवळ आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सिस्टर जुकुंडा उपाशी मुलांमध्ये राहत होत्या, म्हणून त्यांच्या प्रश्नाला वजन होते. आपण मात्र तोच प्रश्न कित्येकदा उसना घेतो. "गरिबांचे काय?" असे विचारणाऱ्याने गेल्या वर्षभरात गरिबांसाठी काय केले, हेही विचारावे लागते. ज्यूदासानेही सुगंधी तेल ओतले गेले तेव्हा हाच प्रश्न विचारला होता, हे आपण शुभवर्तमानात वाचतो.

दुसरा प्रश्न: आपल्याला खरे जाणून घ्यायचे आहे, की फक्त मन हेलावून घ्यायचे आहे? 'अपॉर्च्युनिटी' या गाडीकडून ९० मंगळदिवस कामाची अपेक्षा होती. ती १४ वर्षांहून अधिक काळ चालली आणि ४५ किलोमीटरहून जास्त अंतर तिने कापले. जून २०१८ मध्ये साऱ्या ग्रहावर धुळीचे वादळ उठले, सूर्यप्रकाश अडला आणि सौरऊर्जेवर चालणारी ती गाडी गप्प झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोहीम संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिचे शेवटचे शब्द म्हणून एक वाक्य जगभर फिरले: माझी बॅटरी संपत आली आहे आणि अंधार पडतो आहे. लाखो लोक हळहळले. प्रत्यक्षात त्या गाडीने असे काही म्हटले नव्हते. तिने पाठवले होते आकडे: वीज किती उरली आणि आकाशात धूळ किती आहे. एका अमेरिकन पत्रकाराने त्या आकड्यांचा अर्थ आपल्या शब्दांत मांडला आणि लोकांनी ते शब्द गाडीच्या तोंडी घातले.

यंत्रासाठी हळहळणे चूक आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. जुनी होडी मोडीत काढताना कोळीबांधवाचे डोळे भरून येतात, तेव्हा लाकडाला वेदना होत नाही हे त्याला चांगले ठाऊक असते. त्या लाकडात त्याची वर्षे गेलेली असतात. 'अपॉर्च्युनिटी'मध्येही शेकडो माणसांची वर्षे गेली होती. दुःख गाडीला नव्हते, माणसांना होते, आणि ते खरे होते. मात्र यंत्राच्या तोंडी काल्पनिक शब्द घातल्याशिवाय आपल्याला पाझरच फुटत नसेल, तर थोडे थांबून विचार करावा. कारण तेच शब्द आपल्या भोवतालची कितीतरी माणसे खरोखर बोलतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी आणि वृद्धांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा "फादर, आता दिसत नाही, अंगात जोर नाही" हे वाक्य आम्हांला एकाहून अधिक घरांत ऐकू येते. ते कोणी रचलेले नसते आणि ते जगभर फिरतही नाही.

तिसरा प्रश्न: बातमी संपल्यावर आपली ओढ उरते का? २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले तेव्हा शाळाशाळांतून टाळ्या वाजल्या. ते ६ महिने चालावे अशी योजना होती. ते जवळजवळ ८ वर्षे फिरत राहिले आणि २०२२ साली त्याचा संपर्क कायमचा तुटला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी मधल्या वर्षांत त्याची चौकशी केली? दोष देण्यासाठी आम्ही हे विचारत नाही. लग्नाला सारे गाव येते आणि संसाराला दोघेच उरतात, तसेच हे आहे.

'अपॉर्च्युनिटी' गप्प झाल्यावर तिच्या अभियंत्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ८ महिने ते तिला हाका मारत राहिले. मंगळ आणि पृथ्वी यांच्यातील अंतराप्रमाणे संदेशाला एका बाजूने जायलाच ३ ते २२ मिनिटे लागतात. संदेश पाठवायचा आणि कान लावून बसायचे. उत्तर नाही. पुन्हा पाठवायचा. असे हजाराहून अधिक संदेश गेले. वारा सुटेल, सौरपट्ट्यांवरची धूळ उडेल, ती जागी होईल, या आशेवर. १२ फेब्रुवारी २०१९ च्या रात्री शेवटचा संदेश गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप घेतला.

ओढीचे रूपांतर सद्गुणात कसे होते, ते आम्हांला इथे दिसते. कुतूहल त्या गाडीला मंगळावर घेऊन गेले, पण हजार हाका मारायला कुतूहल पुरत नाही. तिथे चिकाटी लागते. नवे काही दिसत नसताना, टाळ्या वाजत नसताना, उत्तर येण्याची खात्री नसताना जे लक्ष देणे चालू राहते, ते भोचक असूच शकत नाही.

म्हणून आईवडिलांना आमचे उत्तर असे: मुलांना मंगळ पाहू द्या. ऐकीव गोष्टींपेक्षा खरी माहिती शोधायला त्यांना शिकवा. उतरण्याच्या रात्रीइतकेच नंतरच्या कंटाळवाण्या महिन्यांकडेही त्यांचे लक्ष वेधा. आणि आपल्या घराचे दार उघडे आहे हे त्यांना दिसू द्या.

आपणा मोठ्यांसाठी एक गोष्ट उरते. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत गप्प झालेले कोणी ना कोणी असते: वाटणीवरून दुरावलेला भाऊ, फोन न उचलणारा मुलगा, पती गेल्यापासून मिस्साला न येणारी शेजारीण. एक-दोनदा विचारपूस केली, उत्तर आले नाही, आणि आपण सोडून दिले. एका यंत्रासाठी माणसे हजार वेळा हाक मारू शकतात, तर आपले दोनच संदेश पुरेसे कसे मानायचे? अभियंत्यांना एक दिवस थांबावे लागले आणि त्यांचे थांबणे योग्यच होते. यंत्राबाबत तसा दिवस ठरवता येतो. भावाबाबत तो ठरवण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही.

या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाला पुन्हा हाक मारू या. उत्तर लगेच येणार नाही कदाचित. वाट पाहू या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू