आंधळा काय मागतो?



‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही म्हण आपण शाळेत शिकलो. तिचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. पण आंधळा डोळाच मागणार, हे कोणी ठरविले?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे लाइटहाऊस नावाची अंधांची संस्था आहे. तिने २०१७ साली होल्मन पारितोषिक सुरू केले. पहिल्या वर्षी तिघा अंधांना प्रत्येकी २५,००० डॉलरपर्यंत रक्कम ठेवली होती. काय करावयाचे आहे ते अर्जदाराने दीड मिनिटाच्या चित्रफितीत सांगावयाचे. (ही रीत मला फारशी पटत नाही. बोलका पुढे जातो, अबोल मागे राहतो. वर्गातही तसेच होते.)

त्या तिघांपैकी एकानेही डोळा मागितला नाही. युगांडाच्या ओजोक सायमन यांना अंधांना मधमाश्या पाळावयास शिकवावयाचे होते. ब्रिटिश आरमारातील निवृत्त अधिकारी पेनी मेलव्हिल-ब्राउन यांना देशोदेशी जाऊन तेथील लोकांबरोबर स्वयंपाक करावयाचा होता. आणि मूळचे तुर्कस्तानचे अहमेत उस्तुनेल यांना एकट्याने होडी वल्हवीत बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडावयाची होती. दिशा सांगणाऱ्या ध्वनियंत्रांच्या आधारे त्यांनी ती २०१८ साली ओलांडली.

मधमाश्यांना कोणी नाव ठेवणार नाही; चार घरे त्यावर जगतात. खरी कसोटी होडीची आहे. त्या होडीने कोणाचे पोट भरले? जगात कितीतरी अंधांपाशी साधी पांढरी काठी नाही, मग हा खर्च कशाला? असे विचारणारा मनुष्य दुष्ट नव्हे, त्याचा हिशेब सरळ आहे. परंतु हाच हिशेब आपण डोळसांस मागतो काय? एव्हरेस्ट चढणाऱ्यास आपण हार घालतो. त्या शिखरावर कोणते धान्य पिकते, हे विचारीत नाही. अंधाचे स्वप्न मात्र आधी उपयोगी असले पाहिजे! काठी द्यावीच, तिच्याबद्दल वाद नाही. पण काठी हाती आल्यावर कोठे जावयाचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

ज्याच्या नावाने हे पारितोषिक आहे, त्या जेम्स होल्मनची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हा इंग्रज नौसैनिक अधिकारी पंचविसाव्या वर्षी आंधळा झाला. विंडसर येथे त्यास राहावयास जागा व थोडे वेतन मिळाले. अट अशी की तेथेच राहावे आणि दररोज दोन वेळा प्रार्थनेस हजर असावे. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. आंधळ्यास आणखी काय हवे, असे त्यांस वाटले असेल. हा गृहस्थ मात्र रजा मागून मागून निघून जाई. सायबेरियात तो इर्कुत्स्कपर्यंत पोहोचला, तेव्हा हेर समजून रशियाच्या झारने त्यास हद्दपार केले. पुढे त्याने पृथ्वीप्रदक्षिणाही पुरी केली. ‘आंधळ्याने जाऊन पाहिले काय?’ असे लोक विचारीतच राहिले आणि तो प्रवासाची पुस्तके लिहीत राहिला.

१८५७ साली तो वारला. त्याच्या आधी थोडेच दिवस त्याने आत्मचरित्र लिहून पुरे केले होते. ते कधी छापले गेले नाही.