पिले कोणाची?

नागपुरानजीक कोराडी येथे १९७४ पासून कोळशावर वीज निर्माण होत आहे. तथापि खेड्यांतील परसांत अंडी उबविण्याचे काम अद्यापि खुडूक कोंबडीच करिते. गिरिराज, वनराज इत्यादी सुधारित जातींच्या कोंबड्या अंडी पुष्कळ देतात, परंतु सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. आता अंडी एकीची व कोंबडी शेजारणीची असली, तर पिले कोणाची?

जिची अंडी तिचीच पिले, असे कोणी म्हणेल. परंतु अंडे म्हणजे पिलू नव्हे. २१ दिवस ती मुकी दाई अंडी आपल्या उबेत राखिते, चोचीने फिरविते, दाणापाण्यापुरतीच उठते व कृश होते. त्या काळात ती स्वतः अंडे देत नाही. म्हणजे शेजारणीची मिळकतही थांबते.

उलटपक्षी, अंडी नासली तर? वैशाखात नागपूरकडील उष्णतेने अंड्यातील जीव कोंबडी बसण्यापूर्वीच अर्धवट वाढून मरतो. तो दोष शेजारणीचा नव्हे व तिच्या कोंबडीचाही नव्हे. म्हणून आम्हांस वाटते की, वाटा आधीच ठरवावा, आणि लाभ वाटून घेणारांनी हानीही वाटून घ्यावी.

कोंबडीस मात्र वाटा मागता येत नाही. पिले परक्याची, हेही तिला ठाऊक नसते. परंतु ज्याला आपले येणे समजत नाही, त्याचे देणे बुडविता येत नाही. तिच्याजवळ दाणा, पाणी व सावली ठेवणे ही दया नव्हे. ती ऋणफेड होय.